पारा कुठे टांगायचा

आश्विन लागला की मुंबईतला वारा पडतो. पाऊस निघून गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या त्या चार-पाच आठवड्यांत हवा नुसती उभी राहते. दादरच्या माझ्या दुकानाच्या दारात नमुन्याला एक पातळ पडदा टांगलेला असतो. आषाढात तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर फडफडतो. या दिवसांत तो भिंतीसारखा सरळ लोंबतो. बाहेर झेंडूचे ढीग, त्यांच्यावर मारलेल्या पाण्याचा कुबट-गोड वास, बसचा धूर, पाठीला चिकटलेला सदरा. गिऱ्हाईकही या दिवसांत लवकर थकतं. एरवी जिथे अर्धा तास घासाघीस रंगली असती, तिथे आम्ही दोघंही पंख्याकडे बघत मुकाट्याने मधल्या भावावर येतो. मला ते आवडत नाही. भांडल्याशिवाय झालेला सौदा मला खोटा वाटतो.

अशी हवा उभी राहिली की मला एकच आश्विन आठवतो. संपाचा.

गिरण्यांचा संप थंडीत सुरू झाला होता. सगळे म्हणत होते, शिमग्यापर्यंत मिटेल. शिमगा गेला, गणपती गेले, नवरात्र बसलं, तरी गिरण्या बंदच. मी वीस वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत होते. माझी मोठी बहीण, आक्का, लग्न होऊन त्याच मजल्यावर चार दारं पलीकडे राहायची. तिचा नवराही गिरणीतलाच. म्हणजे दोन्ही घरांच्या चुली एकदमच मंदावल्या. त्या आश्विनातला बिनदुधाचा चहा आणि मिठाची पेज अजून माझ्या जिभेवर आहे. नाकात राहिलंय ते मात्र एका वासाचं नसणं. आबांच्या कपड्यांना कायम खळीचा आणि तेलाचा वास असायचा. कितीही धुतले तरी जायचा नाही. त्या वर्षी तो गेला.

काजळीही गेली. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर धुराड्यांच्या काजळीचे बारीक ठिपके पडायचे. पांढरं कापड लालबागेत पांढरं राहत नसे आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटतही नसे. त्या आश्विनात एकदा आक्का धुतलेली चादर दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरून उभी राहिली.

"आये, बघ गो. एक ठिपको नाय."

आईने चादरीकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली. त्यात रडण्यासारखं काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि आबांचा खोकला थांबला. कित्येक वर्षं तो आमच्या घरातलं घड्याळ होता. त्यावरून आई दूध तापवायला उठायची. संपाच्या त्या महिन्यांत तो आधी विरळ झाला, मग कधी थांबला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोट खपाटीला गेलं होतं आणि छाती मोकळी झाली होती. माझ्या जन्मात लालबागची हवा जेवढी स्वच्छ त्या आश्विनात होती तेवढी पुन्हा झाली नाही, आणि तांदळाचा डबा जेवढा रिकामा तेव्हा होता तेवढाही पुन्हा झाला नाही. दोन्ही एकाच कारणाने. हे कोडं मी चाळीस वर्षं खिशात घेऊन फिरतो आहे.

आबांचं गिरणीतलं काम साधं होतं. पारा वाचायचा. कापड विणायच्या खात्यात हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून छतातून पाण्याचे बारीक फवारे सोडतात. त्या ओलीत माणसं बारा महिने भिजल्यासारखी राबायची. ओल फार झाली तर माणसाला श्वास घेववत नाही, म्हणून भिंतीवर दोन नळ्या टांगलेल्या असायच्या. एक कोरडा पारा आणि एक ओला, ज्याच्या बुडाला मलमलीची भिजलेली चिंधी गुंडाळलेली. ओला पारा ठरल्या रेघेवर गेला की फवारे बंद करायचे, असा नियम. आबांनी दर दोन तासांनी दोन्ही पारे बघायचे आणि वहीत लिहायचे.

आता गंमत बघा. हा पारा खात्याच्या मास्तरांनी, म्हणजे तिथल्या साहेबांनी, टांगला होता दारापाशी, जिथे बाहेरचा वारा यायचा. तिथे तो रेघेवर कशाला जातोय? आत यंत्रांच्या रांगांमध्ये माणसं उकडून निघायची आणि वहीत सगळं थंडगार. आबांनी वर्षभर ते बघितलं. मग एक दिवस खिळा काढला आणि पारा खात्याच्या मध्यावर, खांबाला टांगला. आकडा रेघेच्या वर गेला. आबांनी तसाच लिहिला. तीन महिन्यांत त्यांची बदली कापूस पिंजायच्या खात्यात झाली, जिथे हवेत पाण्याऐवजी कापसाची धूळ असते. खोकला तिथला.

ही गोष्ट मी आयुष्यात किती जणांना ऐकवली असेल! माझ्या दुकानात पडदे घ्यायला आलेल्या, आयुष्यात गिरणी न पाहिलेल्या बायकांनासुद्धा. कापड दाखवता दाखवता माझा आवाज चढतो आणि बायको गल्ल्यावरून म्हणते, "अहो, त्यांना सॅटिन दाखवा, मास्तर नको." पण मला राहवत नाही. संप मोडला, गिरणी गेली, जमिनीवर टॉवर आले, या सगळ्याचा राग मी एक वेळ गिळला. आबांचा खरा आकडा कुणी मानला नाही, हे नाही गिळलं.

गेल्या वर्षी याच दिवसांत ते सगळं पुन्हा वर आलं.

आक्का अजून त्याच चाळीत राहते. राहत होती. नवरा गेला, मुलगी वैशाली लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तरी आक्काने खोली सोडली नाही. खाली मासळीवाली तिला नावाने हाक मारते, वरून ती भाव पाडते, टोपली वर ओढते. हे तिला डोंबिवलीत कोण देणार? पण चाळीच्या मागच्या जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम निघालं आणि त्यांनी काँक्रीट कालवायचा प्लांट नेमका आक्काच्या खिडकीसमोर उभा केला. सकाळी ट्रक रांगेने लागायचे. सिमेंटची पांढरी पूड उडायची आणि वारा पडलेला असला की तिथेच तरंगत राहायची. आक्का खिडकी लावून बसायची. तरी देवाच्या तसबिरीवर, पापडाच्या डब्यावर, तिच्या भुवयांवर पीठ. मग तिला खोकला लागला. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जिन्यातच थांबलो. आवाज ओळखीचा होता.

डॉक्टर म्हणाले, हवा बदला. आक्का म्हणाली, "मी खंय जावचंय नाय. हवेक बदलूक सांगा."

वैशाली माझी भाची, पण हट्ट आईचा. ती ऐरोलीला एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. एका रविवारी ती मुठीएवढी एक पांढरी पेटी घेऊन आली. पेटीला एक बारीक भोक, आत छोटासा पंखा, मागे वायर. ती भोकातून हवा आत ओढते, हवेतली धूळ मोजते आणि दर पाच मिनिटांनी आकडा वैशालीच्या मोबाइलवर पाठवते. समोरच्या बाजूला एक इवलासा पडदा, त्यावरही तोच आकडा. ती आणि तिच्या ऑफिसातले चौघे मिळून सुट्टीच्या दिवशी अशा पेट्या बनवतात.

"मामा, वॉर्ड ऑफिसात अर्ज केलाय ना आपण? नुसती धूळ येते म्हणून रडलो तर कोण ऐकणार? महिनाभराचे आकडे घेऊन जाऊ," ती म्हणाली. मग आईकडे वळून, "आणि तुला आत्ताच सांगते. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपर्यंत आकडा मर्यादेच्या या रेघेच्या खाली आला नाही, तर बॅग भरायची. डॉक्टरांसमोर शेवटी कबूल केलंयस."

आक्काने पेटीकडे बघितलं. "आणि खाली इलो तर?"

"तर तू जिंकलीस."

पेटी कुठे लावायची यावर आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, प्लांटच्या बाजूच्या कठड्यावर, अगदी तोंडासमोर. आकडा कसा सणसणीत येईल! वैशाली म्हणाली, "आई जिथे श्वास घेते तिथे." आणि तिने ती खिडकीच्या चौकटीत, आक्काच्या खाटेच्या उशाशी लावली. मी मनात म्हटलं, पोरीला सौदा कळत नाही.

तीन आठवडे पेटी गुपचूप आपलं काम करत होती. वैशालीने माझ्याही मोबाइलवर लावून दिलेला आकडा मी दुकानात बसून बघायचो. नोटा न मोजता एवढा वेळ आकडे बघत बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. हवेचं असं काही दिसू शकतं, हे मला माहीत नव्हतं. सकाळी ट्रक लागले की रेषा चढायची, जेवणाच्या सुट्टीत उतरायची, पुन्हा चढायची. जणू कुणी आक्काच्या छातीवर हात ठेवून मला लांबून सांगत होतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या चाळीत अजून दोन-तीन जुनी माणसं उरली आहेत. त्यांतले परबदादा आबांच्याच गिरणीत फिटर होते. संपाच्या वर्षी खंडेनवमीला गिरणीच्या दाराला कुलूप होतं. एरवी त्या दिवशी यंत्रांना हार, गुलाल, नारळ. त्या वर्षी पूजायला यंत्रच नाही. परबदादांनी चाळीच्या चौकात पाट मांडला आणि ज्याने त्याने घरातलं हत्यार आणून ठेवलं. कुणी पाना, कुणी धोटा, कुणी कात्री. आबांकडे काहीच नव्हतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पाटावर ठेवली. कुणी हसलं नाही. त्यानंतर एकही वर्ष परबदादांनी पूजा चुकवली नाही. मिक्सर, शिवणयंत्र, गॅलरीतली पाण्याची मोटर, सगळ्यांना कुंकू लागतं.

गेल्या वर्षी ते पूजेचं ताट घेऊन आक्काच्या खोलीत गेले. "ह्या पेटयेची पूजा आधी. ही आपल्यासाठी राबता," असं म्हणाले असतील. आक्काने झेंडूचा हार काढून दिला. परबदादांनी पेटीला हार घातला, पुढ्यात धूप जाळला, कापूर ओवाळला, आणि हळद-कुंकू लावायला जागा शोधली. समोर पडदा होता, तो झाकायचा नाही एवढं त्यांना कळत होतं. मग त्यांना ते बारीक भोक दिसलं. कपाळाच्या मधोमध असावं तसं. त्यांनी अंगठ्याने तिथे कुंकू दाबून भरलं.

मी त्या संध्याकाळी मोबाइल उघडला आणि खुर्चीतून उठलोच. आकडा आभाळाला! दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. रेषा चढली ती उतरेचना. मी बायकोला दाखवलं, शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला दाखवलं. आता बघतो बिल्डरच्या माणसाला, म्हटलं. छापून घेतले सगळे आकडे.

चौथ्या दिवशी वैशाली डोंबिवलीहून धावत आली. तिला त्या रेषेत काहीतरी विचित्र दिसलं होतं. ट्रक नसतानाही ती हलत नव्हती. तिने पेटी हातात घेतली आणि किंचाळली.

"परबकाका! नाक बुजवलंत हो तिचं!"

परबदादा दारात ओशाळून उभे. "गो बाय, यंत्राक कुंकू लावक नको तर काय? चाळीस वर्सां लावतंव. मोटर कधी आजारी पडली नाय."

आक्का हसून हसून खोकायला लागली. वैशाली टाचणीने कुंकू काढत होती आणि मी तिच्या शेजारी बसून हळूच म्हटलं, "वैशू, हे कुणाला सांगायची काय गरज आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे चार दिवस राहू देत. त्यांना काय कळतंय कुंकू होतं की सिमेंट होतं. सरासरी कशी दणकून वर गेलीय बघ."

"मामा, हा खोटा आकडा आहे."

"खोटा कसा? यंत्रानेच दिलाय ना? ते लोक काय खरं घेऊन येणारेत? तू बाजारात कधी उभी राहिली नाहीस. समोरचा अर्ध्यावर आणणार हे धरूनच आपण दुप्पट सांगायचं असतं."

"हवेत घासाघीस नाही होत."

"सगळ्यात होते!" माझा आवाज गॅलरीत गेला. "आबांनी खरं लिहिलं ना? काय मिळालं? धूळ! त्या मास्तराने त्यांना—"

"बस रे," आक्का म्हणाली. हसू थांबलं होतं. "तुका अर्धीच गोष्ट म्हायत आसा."

मी म्हटलं, मला माहीत नाही असं काय आहे त्यात?

तेव्हा आक्काने सांगितलं. पारा खांबावर गेल्यावर काही दिवसांनी खात्यातले आपलेच लोक आबांकडे आले होते. तो थंडीचा महिना होता, ओल रेघेच्या खाली होती. "तेंनी सांगल्यानी, आबा, आता पारो तुमच्या हातात आसा. एक रेघ वर लिवा. फवारे बंद होतीत, धागे तुटतीत, यंत्रां थांबतीत, तेवढोच वायच दम खावया." आबांनी लिहिलं नाही. म्हणाले, आज वर नाही. मग दोन महिने खात्यात त्यांच्याशी कुणी बोललं नाही. डबा एकटे खायचे. आणि बदलीचा कागद आला तेव्हा त्यांच्या बाजूने एकही माणूस उभा राहिला नाही.

"ह्या माका आयेन सांगल्यान. तू ल्हान होतंस. आणि मगे तू एवढो चिडको झालंस की तुका सांगूची सोयच नाय रवली."

खोलीत परबदादा होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कुंकवाच्या ताटाकडे बघत होते. "मी होतंय तेव्हा," ते एवढंच म्हणाले. "मी पण नाय बोललंय."

इतकी वर्षं मी त्या गोष्टीत एकच माणूस वाईट ठेवला होता. ती गोष्ट सांगायला सोपी जायची.

त्या रात्रीपासून माझं आणि वैशालीचं बोलणं जरा बदललं. ती येता-जाता दुकानात थांबायची. मी तिला विचारायचो, ही असली यंत्रं पुढे काय काय करणार. ती उत्साहाने सांगायची. उद्या प्रत्येक गल्लीत अशी पेटी असेल. वारा पडलाय हे संगणकाला आधी कळेल आणि तो प्लांटवाल्याला सांगेल, आज दुपारनंतर कालव, आत्ता नको. ट्रक रिकामे फिरणार नाहीत. जमिनीखालचा पाण्याचा नळ फुटला तर रस्ता खचायच्या आधी समजेल. मोटर किती वीज खाते, टाकी किती गळते, कुठल्या झाडाखाली किती गारवा आहे, सगळं आपल्याला दिसेल. दिसलं की कुणीतरी लाज बाळगेल, नाहीतर कुणीतरी भांडेल. "आत्तापर्यंत मामा, आपल्याकडे दोनच बटणं होती. चालू आणि बंद. आता मधलं काहीतरी करता येईल."

 ती जन्मली नव्हती तेव्हा आक्काने उन्हात चादर धरली होती. धूर बंद करायचा तर गिरणी बंद करायची, गिरणी बंद झाली की चूल बंद, एवढंच आमच्या वेळी ठाऊक होतं. मधलं बटण असतं तर?

पण मी व्यापारी आहे. माल कुणी फार गोड करून दाखवला की उलटून बघतो. मी तिला विचारलं, हे सगळे आकडे जातात कुठे? ती म्हणाली, मोठमोठ्या इमारतींत, हजारो संगणक दिवसरात्र चालू असतात. ते तापत नाहीत? तापतात. मग गार कसे करता? विजेने, पाण्याने. "म्हणजे तुमच्याही खात्यात फवारे आहेतच," मी म्हटलं. ती हसली नाही. जुने मोबाइल, जुन्या पेट्या भंगारात गेल्यावर त्यांच्या तारा जाळून तांबं काढणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. तो धूर कुणाच्या छातीत जातो? त्यांच्या उशाशी पेटी आहे का? वैशाली म्हणाली, "नाही. लावायला हवी." एवढं बोलली म्हणून तिच्यावर माझा भरवसा बसला. आपल्या मालातली खोट स्वतःहून दाखवणारा विक्रेता मला आयुष्यात फार थोड्या वेळा भेटलाय.

सुनावणी दिवाळीच्या आधी झाली. वॉर्ड ऑफिसातल्या एका खोलीत एक मॅडम, त्यांच्यासमोर एका बाजूला मी, वैशाली आणि परबदादा, दुसऱ्या बाजूला साइटचा मॅनेजर. तरुण, गोड बोलणारा, हातात चकचकीत फाइल. मी छापून आणलेले कागद माझ्या पिशवीत होते. कुंकवाचे चार दिवस त्यांतच. वैशालीने दुसरा संच आणला होता, त्या दिवसांशिवायचा. कुठला द्यायचा हे आमच्यात ठरलं नव्हतं. ती फक्त म्हणाली होती, "तू बघ."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडेही मशीन आहे, कंपनीचं आहे. सगळे आकडे मर्यादेत आहेत. यांचं घरी बनवलेलं. त्याचा काय भरवसा?"

माझा हात पिशवीत गेला. आणि मला परबदादांचा चेहरा दिसला, ताटाकडे बघणारा.

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्या आकड्यांत चार दिवस चुकीचे आहेत. खंडेनवमीला आम्ही पेटीची पूजा केली. धूप जाळला आणि तिच्या भोकात कुंकू भरलं. ते चार दिवस धरू नका."

मॅनेजरने दोन्ही हात पसरले. "बघा! स्वतःच कबूल करतायत."

मॅडमनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "कुंकू?"

"यंत्राक लावतत मॅडम," परबदादा घाईने म्हणाले. "मी लावलंय. ह्येंची चूक नाय."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "आमचे वडील टाइपरायटरला लावायचे," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस दाखवा."

वैशालीने कागद पुढे केला. ट्रक लागले की रेषा वर, ट्रक गेले की खाली. रोज, त्याच वेळांना. ते समजायला शिक्षण लागत नव्हतं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग मी मॅनेजरला विचारलं, "साहेब, तुमचं मशीन कुठे लावलंय?"

"आमच्या तयार झालेल्या टॉवरच्या पोडियमवर, पार्किंगच्या वरच्या गच्चीवर. गार्डनमध्ये."

"किती उंचीवर?"

"आठव्या मजल्यावर."

मी हसलो. फार वर्षांनी रागाशिवाय हसलो असेन. मी त्या खोलीत आबांची गोष्ट सांगितली. या वेळी सगळी. दारापाशी टांगलेला पारा, आणि मग आपल्याच माणसांनी मागितलेली एक रेघही. आवाज चढला नाही.

मॅडमनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे? प्लांट बंद करायचा?"

एक वर्षापूर्वी मी ओरडून हो म्हटलं असतं. पण त्या प्लांटच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथली एक बाई आक्काकडे पाणी भरायला येते. तिच्या भुवयांवरही तेच पीठ असतं. बंद केला तर ती कुठे जाणार ते मला माहीत आहे. मी तसल्या घरात वाढलोय.

"बंद नको," मी म्हटलं. "झाका. पाणी मारा. ट्रकची चाकं धुऊन बाहेर सोडा. वारा पडलेला असेल तेव्हा थांबा, आमची पोरगी कळवेल. आणि यांचं मशीन बागेतून काढून गेटवर लावा, पडदा गल्लीकडे करून. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे. आमच्या पेटीचा आकडाही त्यांना दिसू दे. आम्ही कचरा जाळला तर त्यांनी आमच्यावर ओरडावं."

मॅनेजर चाकं धुण्यावर अडला. मी चाकांवर अडलो. मग अर्धा तास जी घासाघीस झाली, तिला खरी घासाघीस म्हणतात. शेवटी बहुतेक सगळं कागदावर आलं.

कागदावरचं जमिनीवर यायला वेळ लागतो. आच्छादन अर्धंच आलं. चाकं दोन दिवस धुतली, तिसऱ्या दिवशी नळी गायब. मी जाऊन आरडाओरडा केला, नळी परत आली. आकडा खाली यायला लागला. रोज थोडा. आक्का रोज विचारायची, "इलो काय?" आणि मी म्हणायचो, येतोय.

पहिल्या अंघोळीच्या सकाळी मी उटण्याचा वास अंगावर घेऊनच चाळीत गेलो. वैशाली फराळाचे डबे घेऊन आली होती. आक्का नवं लुगडं नेसून खाटेवर बसली होती. तिला चष्म्यानेही तो इवलासा पडदा वाचता येत नाही. तिने मला विचारलं.

"किती?"

पडद्यावरचा आकडा रेघेच्या वर होता. फार नाही. इतका थोडा की बाजारात असल्या फरकासाठी मी गिऱ्हाईक परत पाठवत नाही. वैशाली माझ्याकडे बघत होती. तिने मोबाइल काढला नव्हता.

"वर आहे, आक्का," मी म्हटलं. "थोडाच. पण वर आहे."

आक्काने मान हलवली. चकली मोडून अर्धी मला दिली. संध्याकाळी तिने बॅग भरली. मासळीवालीला वरून सांगितलं, "टोपली आता ह्येका देऊ नको, ह्येका मासो वळखूक येणा नाय." आणि डोंबिवलीला गेली.

आता पुन्हा आश्विन आहे. हवा उभी आहे. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी लालबागला जातो, आक्काची खोली उघडतो, सुक्या फडक्याने पेटी पुसतो, आकडा बघतो आणि तिला फोन करतो. डोंबिवलीला तिचा खोकला कमी झालाय. मासळी तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत येते म्हणून ती वैतागलेली असते. इथे पावसात आच्छादन फाटलं होतं, ते मी भांडून दुरुस्त करून घेतलं. गेटवरच्या पडद्यासमोर लोक थांबतात, बोट दाखवतात. त्या पत्र्याच्या खोलीतल्या बाईने परवा मला विचारलं, आज किती? मी सांगितलं. तिने तोंडाला ओढणी बांधली.

पाऊस थांबल्यावर पुन्हा चढलेला आकडा आज सकाळी पडद्यावर बघितला आणि माझा विश्वास बसेना. रेघेच्या खाली! चांगला खाली. मी तिथेच खाटेवर बसून फोन लावला.

"आक्का, खाली आला."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"प्लांट चालू आसा?"

मी खिडकी उघडली. खाली एकही ट्रक नव्हता. पत्र्याच्या खोल्यांबाहेर माणसं अंघोळी करत होती, कुणीतरी भिंतीला टेकून दाढी करत होतं.

"नाही," मी म्हटलं. "आज रविवार आहे."

"मगे कित्याक फोन केलंस? कामाच्या दिसाक खाली इलो की सांग," आक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.